एल्डनचं सीडर

"नोरीन, त्या पाइपाकडे बघत काय उभी राहिलीस? तो काही बोलणार नाहीये तुझ्याशी," हर्शेल काठावरून ओरडला. "गाळ काढ आणि ये बाहेर. कॉफी गार होतेय, आणि डोनटांची मी जबाबदारी घेत नाही."

नोरीन हॅलस्टेड छातीपर्यंत येणारी रबरी विजार घालून कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. हातात दाताळं होतं. समोर बीव्हर या झाडं कुरतडणाऱ्या प्राण्यांनी काटक्या आणि चिखल रचून घातलेला बांध होता, आणि बांधाच्या आरपार गेलेला काळा जाड पाइप. पाइपाच्या वरच्या तोंडाभोवती तारेच्या जाळीचा पिंजरा होता. त्या पिंजऱ्यावर आल्डरच्या झाडांची पिवळी पानं, शेवाळ आणि चिखल यांचा थर चढला होता. दर शनिवारी सकाळी तो खरवडून काढायचा, की पाइपातून पाणी वाहत राहायचं आणि बांधामागचं तळं चढायचं नाही. बीव्हर आपल्या जागी सुखी, माणसं आपल्या जागी सुखी.

तिने दाताळं उचललं. पलीकडच्या काठाकडे पाहिलं. मग दाताळं खांद्यावर टाकलं आणि आत गेली होती तशीच बाहेर आली.

"काढलास?"

"पुढच्या आठवड्यात बघू."

हर्शेल पिंकनीने या उपनगरात जन्मभर टपाल वाटलं होतं. पाकीट न फोडता आत काय असेल ते ओळखायची त्याला सवय होती. त्याने पिंजऱ्याकडे पाहिलं, नोरीनकडे पाहिलं, आणि डोनटांचा खोका पुढे केला.

"मेपलचा घे," तो म्हणाला. "तुझ्यासाठी लपवून ठेवला होता."

हॉलिस क्रीक हा काही मोठा ओढा नव्हे. शाळेच्या मागून निघतो, घरांच्या परसांमागून वळणं घेत जातो आणि महामार्गाखालून पुढे नदीला मिळतो. उन्हाळ्यात एखादं धीट मूल त्यावरून उडी मारून जाईल. पण पावसाळी थंडी सुरू झाली की समुद्रातून सॅमन मासे या एवढ्याशा ओढ्यात परत येतात आणि तळाच्या गोट्यांत अंडी घालतात. त्यांच्यासाठी दर शनिवारी म्हातारीकोतारी माणसं जमायची. काटेरी ब्लॅकबेरी उपटायची, कुणी फेकलेले टायर बाहेर ओढायचे, झाडं लावायची आणि लावलेल्या प्रत्येक झाडाच्या बुंध्याला तारेची जाळी गुंडाळायची, बीव्हरांनी कुरतडू नये म्हणून. गटाचं नाव 'हॉलिस क्रीकचे मित्र'. हर्शेल म्हणायचा, "मित्र कसले, मोलकरणी आहोत आपण त्याच्या."

नोरीनने शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी केली होती. गावातला पोलीस, दंतवैद्य, बँकेतली बाई, सगळे कधी ना कधी ताट घेऊन तिच्या पळीसमोर उभे राहिले होते. कोण मटार लपवून टाकून देतो आणि कोणाला घरी रात्रीचं जेवण मिळत नाही, हे तिला ठाऊक असायचं. निवृत्त झाल्यावरही मुलांची तिची सवय सुटली नाही. दर मे महिन्यात दुसरीची मुलं वर्गात वाढवलेली सॅमनची पिल्लं ओढ्यात सोडायला यायची, तेव्हा काठावर गुडघे टेकून ती एकेकाला शिकवायची. "कप पाण्याला टेकव. आता वाकव. ओतायचं नाही हं. त्याला वाटलं पाहिजे, आपण आपल्याच मनाने निघालो."

तिचा नवरा एल्डन शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करायचा. त्याला पक्ष्यांची नावं येत नव्हती आणि शिकायचीही नव्हती. पण ओढ्यावर बीव्हर आले, तळं चढू लागलं आणि लोक म्हणाले की सापळे लावून मारून टाका, तेव्हा तो दोन दिवस नुसता काठावर बसून पाणी बघत राहिला. मग त्याने तो पाइप बसवला. "पाण्याशी भांडायचं नसतं," तो म्हणाला. "त्याला कुठे जायचंय ते विचारायचं आणि तिकडे दार उघडून द्यायचं." त्याच सुमारास दह्याच्या रिकाम्या डब्यात वाढवलेलं सीडरचं एक रोप त्याने अलीकडच्या काठावर लावलं. आता ते नोरीनच्या दुप्पट उंच झालं होतं. त्याच्या मुळाशी एल्डनची राख होती.

एल्डन गेल्या मे महिन्यात गेला. आणि त्या मे महिन्यात काय झालं, हे ओढ्यावरच्या प्रत्येकाला माहीत होतं.

पलीकडच्या काठावर कर्टिस लोमॅक्स नावाचा बिल्डर घरांची नवी वसाहत उभारत होता. शाळेच्या सभागृहात सगळ्यांसमोर उभं राहून तो म्हणाला होता, "पाण्याच्या काठापासून पन्नास फूट. तिथल्या एका फांदीलाही हात लागणार नाही. माझा शब्द आहे." त्या सभेत कॉफी नोरीननेच दिली होती. तिने त्याच्या कपात वरून थोडी साय घातली होती, माणूस बरा वाटला म्हणून.

मेच्या शेवटच्या शुक्रवारी, सोमवारची सुट्टी जोडून सगळ्या कचेऱ्या बंद झाल्यावर, त्याची माणसं करवती घेऊन आली. एल्डनचा पलंग तेव्हा ओढ्याकडच्या खिडकीशी आणून ठेवलेला होता. औषधं थांबवली होती. मान वळवता येत नव्हती, पण कान शाबूत होते.

"कोण कापतंय?" त्याने विचारलं.

"नगरपालिकेची माणसं आहेत," नोरीन म्हणाली. "वादळात मोडलेल्या फांद्या छाटतायत."

एल्डन डोळे मिटून ऐकत राहिला. "साखळीला धार नाही त्यांच्या," तो म्हणाला. "रडतेय बघ कशी. जाऊन सांग त्यांना, बदला म्हणावं."

"सांगते."

तिने खिडकी लावून घेतली. आवाज थोडा कमी झाला, थांबला नाही. शनिवारीही थांबला नाही. मंगळवारी कचेऱ्या उघडल्या. एल्डन सोमवारी गेला होता.

पुढे पाऊस आला आणि उघडा पडलेला काठ ओढ्यात घसरला. तळाचे गोटे तपकिरी चिखलाखाली गेले. मुलांनी नावं देऊन सोडलेली पिल्लं पोटं वर करून काठाला लागली. चौकशीत लोमॅक्स म्हणाला, "ठेकेदाराने निशाण्या चुकीच्या वाचल्या. गैरसमज झाला." त्याला दंड झाला. तो त्याने तिथल्या तिथे भरला. बाहेर पडताना त्याने नोरीनला गाठलं आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. "मिसेस हॅलस्टेड, तुमच्या यजमानांबद्दल कळलं. फार वाईट वाटलं."

तेव्हा अंगात होता तो स्वेटर नोरीनने दुसऱ्या दिवशी चर्चच्या जुन्या कपड्यांच्या पेटीत टाकला. चांगला, लोकरीचा, एल्डनने आणलेला स्वेटर.

सप्टेंबरमध्ये तिने एल्डनच्या गॅरेजमधली लांब पारदर्शक नळी काढली. नळीत पाणी भरून तिची दोन टोकं दोघांनी धरली की दोन जागांची उंची बरोबर कळते. एक टोक तिने हर्शेलच्या हातात दिलं आणि त्याला पलीकडच्या काठाजवळ उभं केलं. लोमॅक्सच्या घरांची पहिली रांग तिथे उभी राहायची होती. झाडं गेल्यावर त्याने काठ आणखी खरवडून खाली घेतला होता, बैठकीच्या खोलीतून पाणी दिसावं म्हणून.

"आपण मोजतोय काय?" हर्शेलने विचारलं.

"तळं चढलं तर कुणाचे पाय आधी भिजतील ते."

नळीतलं पाणी हललं, डुचमळलं, स्थिर झालं. हर्शेलने एकदा आपल्या टोकाकडे पाहिलं, एकदा तिच्या. ती सीडरपाशी उभी होती.

"नोरीन," तो हळू म्हणाला, "तुझ्या झाडाचे."

"दिसतंय मला."

"मग?"

"मग त्याचे."

तिने नळीतलं पाणी ओतून दिलं आणि नळी गुंडाळून घरी नेली.

गटाची प्रमुख होती जून तामुरा. निवृत्त ग्रंथपाल. कुणी वाचनालयात कुजबुजलं तर पुस्तकाच्या पानावरून नुसती नजर उचलायची, आणि कुजबुज मरायची. नियम म्हणजे नियम. एकदा एका रोपाला जाळी कमी पडली म्हणून तिने सगळ्यांना पावसात उभं ठेवून अख्खं काम थांबवलं होतं.

नोव्हेंबरात लोमॅक्सच्या माळ्यांनी पलीकडच्या काठावर नवी झाडं लावली. ॲस्पेन आणि विलो, पाण्याच्या अगदी कडेने, एका ओळीत, बुंध्यांना निळ्या फिती बांधून. शनिवारची मंडळी अलीकडच्या काठावर हातातलं काम सोडून बघत राहिली.

"जाळी नाही लावली," हर्शेल म्हणाला.

"एकालाही नाही," नोरीन म्हणाली.

"ॲस्पेन! बीव्हरांना ॲस्पेन म्हणजे आपल्याला थँक्सगिव्हिंगची टर्की. अरे, ताट वाढून ठेवलंय त्याने. वर फीत बांधून!" हर्शेलला हसू आवरेना. "कुणीतरी जाऊन सांगायला हवं ना, जून?"

जूनने दुर्बीण डोळ्यांना लावली, ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली, आणि झाकण लावून गळ्यात सोडली.

"त्यांनी विचारलं नाही," ती म्हणाली.

हर्शेलचं हसू थांबलं. त्याने जूनकडे पाहिलं, जणू वाचनालयाच्या कपाटानेच शिवी दिली होती.

काम संपल्यावर जून नोरीनजवळ आली. "पाइपाचं काम तुझ्याकडे आहे. पिंजरा बुजलाय."

"माझं वय झालं गं जून. पाण्यात तोल जातो."

"मग दुसऱ्या कुणाला देते."

"दे."

"विचारलं सगळ्यांना. या महिन्यात अख्ख्या गटाचे गुडघे धरलेत म्हणे." जूनने दुर्बिणीचा पट्टा सरळ केला. "ऐक. मार्चमध्ये नगरपालिकेची माणसं येणार, पहिल्या रांगेला परवानगी देण्याआधी काठ मोजायला. पन्नास फूट मोजतात ते त्या दिवशी पाणी जिथे असेल तिथून. गेल्या वर्षी जिथे होतं तिथून नाही."

"ठाऊक आहे."

"आणि ओढ्यात यंत्र घालायला जुलैपर्यंत कुणालाच परवानगी नसते. तळाशी अंडी असतात."

"तेही ठाऊक आहे."

"मग हेही ठाऊक असेल," जून म्हणाली आणि तिने सीडरकडे नुसती मान वळवली. पाणी त्याच्या मुळांपासून हातभर अंतरावर आलं होतं. "सीडरला उभं पाणी सोसत नाही, नोरीन."

"तू तुझी दुर्बीण सांभाळ, जून. माझं झाड मी बघते."

मग पाऊस सुरू झाला. तो तिकडे येतो तसा, घाईगर्दी न करता, आठवडेच्या आठवडे. बीव्हरांनी पहिल्याच पंधरवड्यात निळ्या फितींची अर्धी ओळ तोडून नेली आणि बांध उंच केला. ॲस्पेनच्या पांढऱ्या फांद्या बांधावर आडव्या पडलेल्या दिसायच्या, काहींना अजून फीत होती. पाणी सीडरच्या मुळांत शिरलं. बुंध्याला लागलं. मग पलीकडे निघालं.

लोमॅक्सने दाखवायला म्हणून पहिल्या रांगेतलं एक घर आधी बांधून, सजवून ठेवलं होतं. जानेवारीत त्याच्या अंगणातली फरशी पाण्याखाली गेली. विक्रीचे झेंडे चिखलात वाकले. मग पाणी उपसायचे पंप आले. दिवसभर त्यांची घरघर ओढ्यावरून ऐकू यायची. उपसलेलं पाणी जाणार कुठे? पुन्हा त्याच तळ्यात. नोरीन दुपारी परसातल्या खुर्चीवर पांघरूण घेऊन, चहाचा कप हातात धरून बसायची आणि तो आवाज ऐकायची. त्या दिवसांत तिने रेडिओ लावला नाही. शेजारीण म्हणाली, "काय वैताग आहे ना या आवाजाचा!" नोरीन म्हणाली, "मला झोप चांगली लागते."

आणि ते खरं होतं. मेनंतर पहिल्यांदाच तिला झोप लागत होती.

"वसाहतीच्या गल्ल्यांची नावं लागली बरं का," हर्शेलने एका शनिवारी बातमी आणली. "सॅमन लेन, आल्डर लेन. ज्याला ज्याला मारलं त्याच्या नावाने एकेक गल्ली. जपून राहा, नोरीन. उद्या नोरीन लेन निघायची."

"निघू दे. पण आधी गल्ली कोरडी करा म्हणावं."

हसता हसता तिची नजर सीडरकडे गेली. त्याचे शेंडे तांबूस दिसत होते. थंडीत सीडर थोडं तांबूस होतंच, असं ती स्वतःला म्हणाली. हर्शेलनेही पाहिलं. त्याने डोनटांचा खोका बंद केला.

फेब्रुवारीत लोमॅक्स तिच्या दाराशी आला. हातात फळांची टोपली, सेलोफेनमध्ये बांधलेली.

"बूट बाहेर," नोरीन म्हणाली.

त्याने बूट काढले. मोजे ओले होते. तिच्या स्वयंपाकघराच्या फरशीवर त्याच्या पावलांचे ठसे उमटत आले. तिने त्याला एल्डनची नाही, दुसरी खुर्ची दिली. कॉफी विचारली नाही.

"मिसेस हॅलस्टेड, मी सरळच बोलतो. तो पाइप बुजलाय."

"असं?"

"त्याला हात लावायची परवानगी नगरपालिकेने फक्त तुमच्या गटाला दिलीय. माझ्या माणसांनी नुसतं दाताळं उचललं तरी माझं काम बंद पाडतील. तुमच्या त्या तामुराबाईंना मी तीन वेळा फोन केला. त्या म्हणतात, स्वयंसेवक उपलब्ध नाहीत."

"सगळ्यांचे गुडघे धरलेत."

"एका सकाळचं काम आहे!"

"हो. अगदी सोपं. मी सांगू कसं करायचं? दाताळं आडवं धरायचं, वरून खाली ओढायचं. दर शनिवारी. आम्ही किती वर्षं केलं, तुमच्या कधी लक्षात आलं?"

लोमॅक्सने खिडकीबाहेर पाहिलं. तिथून सीडर दिसत होतं. पाण्यात उभं, गुडघ्याइतकं बुडालेलं. शेंडे आता थंडीने तांबूस झालेत असं कुणी म्हणू शकलं नसतं.

"ते झाड," तो आवाज खाली आणून म्हणाला, "तुमच्या यजमानांचं ना? मला सांगितलं लोकांनी. मरतंय ते. पाणी आत्ता उतरलं तर वाचेल. मी झाडांचा डॉक्टर पाठवतो, हवं तर शहरातून आणतो. त्याच्याखाली बाक ठेवू, त्यांच्या नावाचा. तुम्ही फक्त जाळी साफ करा. त्यात तुमचंही भलं आहे, माझंही."

नोरीनने ओट्यावर हात टेकले. तिला ते फार हवं होतं. बाक नको, पण झाड हवं होतं. त्या क्षणी उठून, विजार चढवून, पाण्यात शिरावं असं तिला आतून वाटलं, इतकं की तिने ओट्याची कड घट्ट धरली.

"मिस्टर लोमॅक्स, तुमची माणसं करवतीच्या साखळीला धार लावतात का हो?"

"काय?"

"त्या शुक्रवारी धार नव्हती. माझ्या नवऱ्याने पलंगावरून ऐकलं. जाऊन सांग त्यांना, म्हणाला. मी सांगायला गेले नाही. आज सांगते."

 लोमॅक्सला काहीच कळलं नसावं, किंवा सगळं कळलं असावं. तो उठला.

"तुम्ही स्वतःच्या हाताने मारताय ते झाड," तो म्हणाला.

"हो."

"काय मिळणार तुम्हाला?"

"तुमची पहिली रांग," नोरीन म्हणाली. "टोपली घेऊन जा. बाहेर बूट जपून घाला, पायरी निसरडी आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच ओढ्यावर गेली. शनिवार नव्हता. तिने विजार चढवली, दाताळं घेतलं आणि पाण्यात शिरली. पाणी आता छातीशी येत होतं, थंडी हाडात जात होती. पिंजरा पाण्याखाली होता. तिने दाताळ्याने चाचपून तो शोधला. त्याचे दात जाळीत अडकले. थोडं ओढलं असतं तर तो सगळा थर भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटून आला असता, आणि पाइप घोट घेऊ लागला असता. तिला तो आवाज माहीत होता.

पलीकडे पंप घरघरत होते.

तिने मान वळवून सीडरकडे पाहिलं.

"ती नगरपालिकेची माणसं नव्हती, एल्डन," ती म्हणाली. "मी खोटं बोलले तुझ्याशी. त्याचीच माणसं होती. सगळं कापलं त्यांनी. तुझ्या खिडकीतून दिसत होतं ते सगळं."

एक बीव्हर बांधाजवळ वर आला, तिला पाहून त्याने शेपटी पाण्यावर फाडकन आपटली आणि बुडी मारली. नोरीनने दाताळं जाळीतून सोडवून घेतलं. थर तसाच राहू दिला.

"मार्चपर्यंत," ती झाडाला म्हणाली. "मार्चपर्यंत धीर धर रे."

मार्चमध्ये नगरपालिकेची दोन माणसं आली. त्यांनी पाण्याच्या काठापासून मोजायला पन्नास फुटांची फीत लावली. फीत लोमॅक्सच्या सजवलेल्या घराच्या दिवाणखान्यात जाऊन संपली. पहिली रांग रद्द झाली, आणि सजवलेलं घरही पाडायचं ठरलं. जूनने ही बातमी शनिवारी सगळ्यांना वाचून दाखवली, तिच्या नेहमीच्या आवाजात, एकही शब्द न ताणता. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. हर्शेलने खोका उघडला आणि म्हणाला, "आज मेपलचे सगळे."

त्याच सकाळी गटाचे गुडघे बरे झाले. चौघांनी मिळून पिंजरा मोकळा केला. पाइपाने घोट घेतला, गुळगुळला आणि वाहू लागला. पाणी दिवसागणिक बोटबोट उतरत गेलं. सीडरच्या बुंध्यावर त्याची चिखलाची रेघ राहिली. मुळांभोवतीचा खळगा मात्र भरलेलाच राहिला.

मेमध्ये दुसरीची मुलं आली, कपांत पिल्लं घेऊन. पलीकडे सजवलेलं घर गेलं होतं. त्या जागी गवत उगवत होतं आणि गवतात बगळा उभा होता. अलीकडे सीडर उभं होतं, मुळापासून शेंड्यापर्यंत गंजलेल्या खिळ्याच्या रंगाचं.

"मिसेस एच," समोरचे दोन दात पडलेली एक मुलगी म्हणाली, "ते झाड का मेलं?"

"मुळांत पाणी साचून राहिलं. सीडरला श्वास घेता येत नाही मग."

"मग कुणी पाणी का नाही काढलं?"

मागे उभा असलेला हर्शेल खोकला. जूनने आपल्या बुटांकडे पाहिलं. नोरीनने गुडघा टेकला, मुलीच्या डोळ्यांच्या पातळीला आली.

"काढायचं काम माझं होतं," ती म्हणाली. "मी नाही काढलं."

"का?"

"मला दुसरं काहीतरी जास्त हवं होतं."

मुलीने यावर विचार केला. "मिळालं?"

"मिळालं."

"मग रडताय का?"

"थंडी आहे. कप पाण्याला टेकव. आता वाकव. ओतायचं नाही हं."

मुलीने कप वाकवला. पिल्लू क्षणभर कडेशी थांबलं आणि निघालं. सीडरच्या खालच्या वाळक्या फांद्या पाण्यात लोंबत होत्या. त्यांच्या सावलीत ते शिरलं. मग दुसरं, मग तिसरं. सगळ्या मुलांची पिल्लं तिकडेच गेली, कारण तेवढीच सावली त्या काठाला उरली होती.

मुलं गेल्यावर नोरीनने खिशातून पक्कड काढली. सीडरच्या बुंध्याभोवती एल्डनने गुंडाळलेली जाळी अजून होती. झाड वाढेल तसा तो तिचा वेढा सैल करत आला होता. तिने एकेक तार सोडवली. आता त्या झाडाला कुणापासून जपायचं नव्हतं.

"दे इकडे," हर्शेल म्हणाला. "नव्या रोपाला होईल."

"नाही. ही राहू दे."

तिने जाळी गाडीपर्यंत नेली. जाळी सरळ होईना. बुंधा जेवढा होता तेवढाच गोल घेर धरून बसली होती. तिने ती शेजारच्या सीटवर उभी ठेवली, वर ओली विजार आणि पक्कड टाकली, आणि गाडी सुरू केली. गाडी लगेच टिंग टिंग वाजायला लागली. शेजारी कुणी बसलं आणि पट्टा लावला नाही की वाजते तशी.

नोरीन थोडा वेळ ते ऐकत राहिली. मग हात लांब करून तिने पट्टा ओढला, जाळीवरून घेतला आणि लावला.